तुझी गोष्ट परत घेताना

मंदाताई,

आधी अक्षराची माफी मागते. चौथीनंतर माझ्या हाती पेन आला तो सही करण्यापुरता. ऱ्हस्व कुठे, दीर्घ कुठे, मला उमगत नाही. रेघांच्या वहीतसुद्धा माझ्या ओळी खाली घसरतात. तू सातवी शिकलेली. तुझ्या चक्कीवरच्या पाटीचं अक्षर पाहून मास्तर थांबायचे. चुका दिसतील तिथे मनातल्या मनात दुरुस्त करून घे. बोलायला मला कधी आलंच नाही. चार माणसं बसली की माझी जीभ टाळूला चिकटते. पण तुझ्याशी तरी बोलायला हवं होतं. तेही राहिलं, म्हणून लिहिते. ही वही कोणाला दाखवणार नाही.

परवा तुझी तेरवी. तुझा मुलगा बुटीबोरीहून आला आहे. काल म्हणाला, "काकू, वांग्याची भाजी तुमच्याच हातची पाहिजे. आईले तीच आवडे." मी हो म्हटलं. मग जाता जाता थांबून त्याने खालच्या आवाजात विचारलं, "आई त्या पिक्चरचं काही बोलली का तुमच्यापाशी?" मी नाही म्हटलं. तो गेल्यावर चुलीपुढे बसून राहिले. एका घरात दोन दिवसांत दोनदा खोटं बोलले. पहिलं म्हणजे बायकांनी विचारलं, शेवटी काही बोलली का मंदाबाई, तर मी म्हटलं, शुद्ध नव्हती.

शुद्ध होती. मला माहीत आहे.

आपण दोघी एकाच गावच्या लेकी, आणि एकाच गल्लीत सुना होऊन आलो. म्हणून सगळे तुला मंदाबाई म्हणत, तरी मी तुला तूच म्हणत राहिले. तुझे मालक, आमचे दादा, गेले तेव्हा तू बत्तीसची होतीस. दिराने चक्की विकायला काढली, तर तू पट्ट्यापाशी जाऊन उभी राहिलीस आणि म्हणालीस, "मले चालवता येते." येत नव्हती. चार दिवसांत शिकलीस. दुपारी लाईट नसायची, तेव्हा माझ्याबरोबर वेचणीला यायचीस. कापसाच्या दोन ओळी, एक तुझी, एक माझी, मध्ये पऱ्हाटीची झाडं. एकमेकींचं तोंड दिसत नाही, आवाज तेवढा येतो. म्हणून बायका तिथेच खरं बोलतात. कोणी कोणाला शपथ घालत नाही, पण ओळीत बोललेलं ओळीतच राहतं. माझ्या सासूनेही मोडलं नाही, तिच्या सासूनेही नाही. मी मोडलं.

एका पौषात तू मला टाकीवाल्याचं सांगितलंस. चक्कीचे दगड बोथट झाले की छिन्नी-हातोडी घेऊन ते खडबडीत करून द्यायला तो सेलूकडून सायकलवर यायचा. महिन्यातून एकदा. तू म्हणालीस, "त्याच्या पापण्यांवर दगडाची धूळ बसे, वंदे. एक दिवस म्या पदरानं पुसली. तिथून चालू झालं." मी वेचत राहिले. मग तू हसलीस. "मंग दगड चांगले राहत, तरी मी निरोप धाडत जाय." चार वर्षं. पुढे काय झालं ते तू त्या दिवशी सांगितलं नाहीस. बांध आला, ओटी रिकामी करायला आपण उठलो.

त्यानंतर कितीतरी वर्षं मी ती गोष्ट सांभाळली. मग एका थंडीत धरणाच्या रस्त्यावर नागपूरच्या शेठच्या बंगल्यात पिक्चरवाले आले. बारा माणसं, वीस दिवस. स्वयंपाकाला बाई पाहिजे होती, वेचणीच्या दुप्पट रोजी. मी गेले. पहिले तीन दिवस मला कळलंच नाही. मग दिसलं की आतल्या खोलीत काम असलं की खिडक्यांना आतून गोधड्या लावतात, आणि कॅमेरावाला व डायरेक्टर सोडून बाकी सगळे बाहेर येऊन बिड्या ओढतात. राखणदाराने हसत सांगितलं, "मोबाईलवरचा पिक्चर हाय. अठरा वर्साच्या वरचा." मी घरी येऊन तुझ्या चक्कीवर बसले. काम सोडते म्हणाले. तू दळण चाळत विचारलंस, "तुले कोनी काही बोललं?" नाही म्हटलं. "हात लावला?" नाही. "मंग भाकरी कर अन् ये. त्याईच्या खोलीत तुयं काय काम?"

म्हणजे मला तिथे परत पाठवलं ते तूच. हे मी तुला एकदा रागात ऐकवलंही. आता मागे घेते.

त्यांच्यातली मुलगी स्वयंपाकघरात येऊन बसायची. सोनी म्हणायचे तिला. खरं नाव नाही, हे तिनेच सांगितलं. रायपूरकडची. ठेचा खाऊन डोळ्यांतून पाणी काढायची आणि पुन्हा मागायची. मला दीदी म्हणायची. मी तिच्याकडे नीट बघतसुद्धा नव्हते. तिचं ताट वेगळं ठेवायचे, धुवायचे वेगळं. हे तुला सांगितलं नव्हतं.

एके दिवशी जेवायच्या वेळी त्यांचं भांडण लागलं. ओसरीवर सगळे ताटावर बसलेले, मी आत भाकरी थापत होते. सोनीने लेखक सरांना विचारलं, "ये औरत दरवाजा क्यों खोलती है?"

डायरेक्टर म्हणाला, "क्योंकि बाहर आदमी खडा है." सगळे हसले.

ती हसली नाही. "आदमी तो रोज खडा रहता है. आज क्यों खोला?"

"पब्लिक ये पूछने नहीं आती, मॅडम."

"मैं पूछ रही हूँ. दो घंटे की पिक्चर है, कोई वजह तो लिखो. बिना वजह कपडे उतरे तो वो मैं हूँ. वजह रही तो वो औरत है."

लेखक सर बारीक, चष्म्याचे, नागपूरचे. ते ताटात भात कालवत राहिले. डायरेक्टर म्हणाला, पैसे घेतलेत, काम करा. ती म्हणाली, काम करायलाच आले आहे, मला काम द्या. तासभर हेच चाललं. वरण थंड झालं. मला त्या दिवशी तिचं बोलणं पुरतं कळलं नव्हतं, पण एवढं कळलं की ही पोर एक कारण मागते आहे आणि त्या बारा जणांपैकी कोणापाशी ते नाही. माझ्यापाशी होतं.

मी आतूनच बोलले, "आमच्याकडं एक बाई होती. चक्कीवाली."

लेखक सर उठून दाराशी आले. "बोला, ताई." मी बोलले. पापण्यांवरच्या धुळीचं सांगितलं. दगड चांगले असून निरोप धाडायचं सांगितलं. हाताला पीठ वाळून गेलं, तवा तापून धूर निघाला, कोणी उठलं नाही. सोनी खाली मांडी घालून माझ्या तोंडाकडे बघत होती. मंदाताई, माझ्या लग्नात, माझ्या पोरांच्या बारशात, कुठेच कोणी माझं ऐकायला हातातला घास थांबवलेला नाही. त्या दिवशी बारा जणांनी थांबवला. तू मला नंतर विचारलंस, किती पैशासाठी विकलीस. पैसे नंतर आले. लेखक सरांनी संध्याकाळी आठ हजार हातावर ठेवले, एका कागदावर सही घेतली. त्याआधीच मी सगळं देऊन बसले होते, फुकट, नुसतं कोणी ऐकतंय म्हणून. हे मी तुला कबूल केलं नाही, कारण पैशासाठी केलं म्हटलं की माणूस थोडं तरी समजून घेतं.

त्या आठ हजारांचे टिन आले. अजून छपरावर आहेत.

होळीच्या सुमारास पिक्चर मोबाईलवर आला. मला कोणी सांगितलं नाही. तुला पानठेल्यावरच्या टोळक्याने सांगितलं. तू समोरून गेलीस की कोणीतरी चावीने डब्यावर वाजवायचं, टक टक, टक टक. छिन्नीसारखं. पहिल्या दिवशी तुला वाटलं असेल, उगाच. आठ दिवसांनी तू माझ्या अंगणात आलीस. मी मिरच्या वाळत घालत होते.

"वंदे, पापणीची गोष्ट म्या एकीलेच सांगतली होती."

मी मिरच्या पसरत राहिले.

"चाल. दाखव मले."

"काय दाखवू, ताई. पाहण्यासारखा नाई तो."

"माह्यावर काढला अन् मीच नको पाहू?"

भर दुपारी तू चक्कीचं शटर खाली ओढलंस. आपण पोत्यांवर बसलो, मध्ये तुझा मोबाईल, डाळीच्या डब्याला टेकवलेला. मला वाटलं, पाच मिनिटांत बंद करशील. तू पूर्ण दोन तास पाहिलास. मी जमिनीकडे बघत होते, तू मला सांगत होतीस. "हा असा ब्लाऊज आपल्याकडं कोन शिवते बाप्पा." मग, "छिन्नी पकडते कशी पाह्य त्यो. बोट तुटून जाईन." उघडं नागडं आलं तेव्हा मी डोळे मिटले. तू मिटले नाहीस. थोड्या वेळाने हळूच म्हणालीस, "पोरीनं धूळ मात्र बराबर पुसली." तेव्हा मी पहिल्यांदा वर पाहिलं. सोनी दोन बोटांनी पदर धरून पुसत होती. अगदी तशीच, जशी तू ओळीत मला झाडांवरून हात काढून पुसून दाखवली होतीस, आणि मी हातातली भाकरी सोडून तिला दाखवली होती.

मग शेवट आला. ती बाई रडते, देवापुढे डोकं आपटते, आणि विहिरीत उडी घेते. वर पाणी हलत राहतं.

तू मोबाईल उचलून पालथा ठेवलास. मला वाटलं, आता शिव्या देशील, झिंज्या धरशील. तू विचारलंस, "मारलं काऊन मले?"

मी म्हटलं, "पिक्चर हाय, ताई."

"पिक्चर हाय ते समजते मले. दीड घंटा त्या पोरीले उघडं ठेवलं. पाहणाऱ्यानं पोट भरून पाहिलं. मंग आपन सोज्वळ दिसावं म्हणून बाईले मारून टाकलं. ज्यानं दाखवलं त्यानं जाव न विहिरीत. ज्यानं पाह्यलं त्यानं जाव."

मला काहीतरी बोलायचं होतं. मी भलतंच बोलले. म्हणाले, "ती पोरगीच तसली, ताई. पैशासाठी..."

"तिनं आपल्या अंगाचं भाडं घेतलं. तू माह्या अंगाचं घेतलं. मंग तसली कोन?"

मी उठले. तू पदर धरून खाली बसवलंस. किती मिळाले विचारलंस. मी सांगितलं.

"परत कर."

"कोनाले?"

"ज्याचे घेतले त्याले. सही दिली न तू? मंग पैसे घेतले तवर गोष्ट त्याची. पूरे परत गेले की मंग माही."

मी म्हटलं, असं नसतं ताई, पिक्चर तर राहणारच. तू म्हणालीस, "पिक्चर त्याचा राहू दे. म्या कधी पिक्चर मागतला? अन् एक सांगतो, भाकरी करून कमावलेले नको. वेचणीचे दे. ओळीतून नेली, ओळीतूनच आण."

मला तेव्हा तुझा हेका वाटला. गाव काही परत येणार नव्हतं. बायकांनी दळण दुसरीकडे न्यायला सुरुवात केली. कोणी भांडलं नाही, कोणी बोललं नाही, डबे फक्त दुसऱ्या रस्त्याने जाऊ लागले. तू सकाळी शटर उघडून बसायचीस, दहा वाजता एखादा डबा. माझा डबा मी रोज आणायचे, गरज नसली तरी. तू दळून द्यायचीस आणि पैसे मोजून घ्यायचीस, एक रुपया सोडायची नाहीस. पुढच्या दिवाळीला तू पट्टा काढून ठेवलास, चक्की बंद.

त्या हंगामात मी तीन हजार पाठवले, मोबाईलवरून. लेखक सरांनी तेवढेच परत धाडले आणि फोन केला, "ताई, गलती से आले वाटते." मी म्हटलं, नाही, गोष्टीचे आहेत, परत. ते हसले. म्हणाले, ठेवा, तुमचा हक्क आहे. मी पुन्हा पाठवले. मग ते घेत गेले. दुसऱ्या हंगामात आणखी तीन. तुला येऊन सांगायचे, तू नुसती मान हलवायचीस. दोनदा आपलं भांडण झालं. मी म्हटलं, त्या पोरीने कारण मागितलं होतं ताई, मी नसतं सांगितलं तर तिला बिनकारणाचं दार उघडावं लागलं असतं. तू म्हणालीस, "मंग तुयं द्याचं होतं. माहंच काऊन?" मी म्हटलं, माझ्यापाशी काय आहे. तू माझ्याकडे असं पाहिलंस की मी घरी निघून आले. त्या भांडणाचं उत्तर मला अजून सापडलं नाही. माझ्यापाशी खरंच काही नव्हतं, का मला माझं झाकून ठेवायचं होतं?

मग तुझ्या पोटात गाठ निघाली. सावंगीच्या दवाखान्यात नेलं. मुलगा सुट्टी संपली की जायचा, मी राहायचे. सतरा दिवस. एका रात्री नाही, चांगल्या भर सकाळी, डॉक्टर बघून गेल्यावर, शेजारच्या खाटेवरच्या पुलगावच्या आजीने तुला विचारलं, "घरी काय करता, बाई?" तू म्हणालीस, चक्की होती. आणि मग तू तिला सांगायला लागलीस. माझ्यादेखत. टाकीवाला, सायकल, पापणी, सगळं. काहीही मागे न ठेवता, तोंडावर हात न घेता. आजी उठून बसली.

"मंग?"

"मंग चार वर्सं झाली. एक दिवस तो आला, म्या दगड पाहिले, खरंच बोथट होते. म्या म्हटलं, लाव टाकी. त्यानं लावली. पैसे दिले. अन् सांगतलं, आता दगड बोथट झाले तवाच येजो. त्याले समजलं. पानी पेला, गेला."

"अन् तुमी?"

"मी काय. चक्की चालू केली."

आजी खूप हसली. खोकला येईपर्यंत हसली. म्हणाली, "लय चांगली गोष्ट." तू माझ्याकडे बोट दाखवलंस. "अजून पूरी माही नाई ते. इच्याकडं दोन हजार बाकी हायेत." आजीला काही कळलं नाही. मी भांडं धुवायला बाहेर गेले आणि नळ सोडून उभी राहिले.

शेवट हा होता. मला तो माहीत नव्हता. पऱ्हाटीच्या ओळीत तू मला शेवट सांगितलाच नव्हतास.

तर आता ते लिहिते, ज्यासाठी ही वही घेतली. त्या ओसरीवर लेखक सरांनी मला विचारलं होतं, "फिर क्या हुआ?" सगळे माझ्याकडे बघत होते. मला वाटलं, आता ही माणसं म्हणतील, यांच्याकडच्या बायका अशाच. मला वाटलं, सांगणारीलाही तसलीच समजतील. मला लाज वाटली, आणि मी म्हटलं, "तिनं विहिरीत जीव दिला." सोनी लगेच म्हणाली, "मरती काहे को है, दीदी? उसने किया क्या?" मी तवा खाली उतरवला आणि पीठ मळायला घेतलं. लेखक सरांनी लिहून घेतलं. ती नंतरही दोन दिवस त्यांच्याशी वाद घालत होती, त्या बाईला जगू द्या म्हणून. डायरेक्टर म्हणायचा, "असली कहानी है, बाई ने खुद बताया." माझं नाव सांगून त्याने तिला गप्प केलं.

तुला त्या पोत्यावर बसून वाटलं, पिक्चरवाल्यांनी मारलं. मी वाटू दिलं. दोन वर्षं वाटू दिलं. तुला मी मारलं होतं, ताई, आणि तू समोर जिवंत बसून माझं पीठ दळत होतीस.

शेवटच्या दिवशी तू डोळे उघडून म्हणालीस, "वंदे, त्याईले विहीर कशी सुचली वो?" मला विचारलंस का मला सांगितलंस, ते मी सतरा वेळा उलटून पाहिलं. मी तोंड उघडलं. सिस्टर आत आली, सलाईन बदललं, तू डोळे मिटलेस. पुढे तू काही बोलली नाहीस. मला थांबता आलं असतं, तुला हलवून सांगता आलं असतं. मी तुझे पाय चेपत बसले.

बायका म्हणतात, पाप फेडून गेली. परवा पंगतीत वाढताना कोणी तसं बोललं तर घास त्यांच्या हातातच राहील आणि मी शेवट सांगेन, जसा तू आजीला सांगितलास तसा. सांगेन म्हणते. माझी जीभ तुला माहीत आहे.

तू गेल्यावर पाचव्या दिवशी मी फरदड वेचायला गेले. हंगाम सरल्यावर पऱ्हाटीला उरलेला तो विरळ कापूस, एका झाडाला एक-दोन बोंडं. शेजारच्या ओळीत कोणी नव्हतं. सहा दिवस लागले, आणि साठवलेले थोडे घातले, तेही मागच्या वेचणीचेच. भाकरीचा एकही रुपया त्यात नाही.

आज सकाळी शेवटचे दोन हजार पाठवले. लेखक सरांचा फोन आला. मी म्हटलं, सर, पूर्ण झाले, आता ती गोष्ट तुमची नाही. आणि ती बाई विहिरीत गेली नव्हती, ते मी खोटं सांगितलं होतं. ते म्हणाले, "कोणती गोष्ट, ताई?" मी सांगायला लागले, तर म्हणाले, गाडीवर आहे, नंतर बोलू.

नंतर काही बोलायचं नाही. पैसे पोचले तेवढं मी त्यांच्याकडून वदवून घेतलं. आठ हजार, पूर्ण.